बेझुखोव घराण्याची वारस नोंद

आमच्या सोसायटीत वाचनगट काढण्याची कल्पना माझी होती, हे मी हल्ली फारसे कोणाला सांगत नाही. टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ माझ्या कपाटात कित्येक वर्षे पडून होती. तीनदा सुरू केली आणि तीनही वेळा पहिल्याच मेजवानीत सरदार मंडळी फ्रेंच बोलू लागली की मी पाय मागे घेतला. चारचौघांच्या लाजेने तरी ती संपेल, असे वाटले. आमच्या प्रतीत 361 प्रकरणे आहेत आणि बहुतेक चार-पाच पानांचीच. तेव्हा रोज एक वाचले तर वर्षात पुस्तक संपून वर दिवाळीला चार दिवस उरतात, असा हिशेब मी जिन्याखालच्या फलकावर मांडला.

पहिल्या रविवारी आठ जण जमले. त्यांतल्या एकांनी संक्षिप्त आवृत्ती आणली होती, त्यामुळे ते कायम आमच्या सहाशे पाने पुढे असत आणि पुढे कोण कोण मरते हे चहाबरोबर सांगून टाकत. ही कादंबरी नव्हेच, असे खुद्द टॉलस्टॉयनेच लिहून ठेवल्याचे एका बाईंनी शोधून काढले आणि मग आपण वाचतो आहोत ते काय, असा खुलासा माझ्याकडे मागितला. माझे स्वतःचे वाचन डोंबिवलीच्या लोकलमध्ये व्हायचे. एवढे जाड पुस्तक उभ्याने एका हातात पेलत नाही, म्हणून बाइंडरकडून मी त्याचे चार तुकडे करून घेतले. पहिल्याच दिवशी घाईत तिसरा तुकडा पिशवीत आला आणि मुंब्रा येईपर्यंत मी बोरोदिनोच्या लढाईत कोण कोणावर तोफा डागतो आहे ते शोधत राहिलो.

नावांची मात्र मला धास्ती नव्हती, कारण रशियन माणूस आपल्यासारखाच मधे वडिलांचे नाव लावतो. शिवाय गटात भाऊसाहेब होते. तलाठी म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाच घराण्यांची वंशावळ काढली आणि बोल्कोन्स्कींच्या फांदीपाशी ते थबकले. आजोबांचे नाव निकोलाय आंद्रेयेविच बोल्कोन्स्की आणि नातवाचेही अक्षरशः तेच. “आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की हेच होतं,” ते म्हणाले. “आजोबा वारले की नातू सातबाऱ्यावरून उडतो. मग तो जिवंत आहे हे सिद्ध करायला चार वर्षं जातात.”

इथपर्यंत सारे ठीक होते. मग म्हातारा काउंट बेझुखोव मरणपंथाला लागला. त्याच्या उशाखालच्या पाकिटात मृत्युपत्र, औरस संतती एकही नाही, प्येर हा अनौरस, आणि तिकडे पाहुण्यांत 40,000 भूदासांच्या आणि लक्षावधी रुबलांच्या इस्टेटीची कुजबुज. खाटेवर माणूस अखेरच्या घटका मोजतो आहे आणि शेजारच्या खोलीत दोन बाया त्या पाकिटाची ओढाताण करताहेत, हे वाचताना मला टॉलस्टॉयच्या निर्दय नजरेविषयी चार वाक्ये बोलायची होती; मी ती लिहूनही आणली होती. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारले, “मृत्युपत्र नोंदवलेलं होतं का? साक्षीदार किती?”

त्या प्रश्नाला तीन रविवार लागले. कादंबरी नव्हे म्हणणाऱ्या बाई काउंटच्या वारस म्हणवणाऱ्या तीन भाच्यांच्या बाजूने हरकतदार झाल्या, संक्षिप्तवाल्यांच्या आवृत्तीत हा प्रसंग दोन ओळींत उरकला असल्याने त्यांना तटस्थ पंच नेमण्यात आले, आणि औरस ठरवण्याचा अधिकार झारला असेल तर मंडळ अधिकाऱ्याने फेरफार अडवायचे कारण नाही, असा निर्णय भाऊसाहेबांनी दिला. प्येरचे नाव लागले. टाळ्या झाल्या. पुढचे प्रकरण वाचू या, असे मी म्हणालो तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मीच इस्टेटीवर डोळा ठेवून आहे.

गेल्या रविवारी शेजारच्या इमारतीतून एक नवे जोडपे आले. बऱ्याच दिवसांनी सभासद वाढले म्हणून मी लगबगीने खुर्च्या पुढे केल्या आणि पहिला तुकडा त्यांच्या हाती दिला. गृहस्थांनी तो आदराने बाजूला ठेवला, पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातले कागद काढले आणि विचारले, “सासऱ्यांची चिपळूणजवळ सोळा गुंठे जागा आहे. भाऊसाहेब कोण?”