चित्रकार कॉन्स्टेबलचे ढग राहिले
तुमचा चित्रकलेवरचा लेख आवडला, पण त्यात निसर्ग आणि विज्ञान चित्रात आणण्याचं सगळं श्रेय इम्प्रेशनिस्टांना, म्हणजे मोनेसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांना दिलंय, ते पटलं नाही. त्यांच्या पन्नासेक वर्षं आधी इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर ढग रंगवत होता. १८२१-२२ मधल्या त्या छोट्या तैलचित्रांपैकी कित्येकांच्या मागे त्याने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे, वेधशाळेच्या नोंदवहीसारखी! ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने ढगांचं वर्गीकरण मांडून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. थॉमस फॉर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक तर कॉन्स्टेबलने टिपा काढत वाचलं. चित्रकला हे शास्त्र आहे, असं १८३६ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेतल्या व्याख्यानात त्याने ठामपणे सांगितलं. मोने थोर आहेच. पण पुढच्या भागात कॉन्स्टेबलला जागा द्याच, ही मनापासून विनंती.