दिवाळीच्या आधीचं मतदान आणि दिवाळीनंतरचं

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितोच. पोस्ट लांब होणारे पण वाचा, कारण विषय विक्रमगड मतदारसंघाचा असला तरी त्यातला अर्धा भाग आपल्या ठाण्यातच घडतो.

२००९ च्या विधानसभेला माझी इलेक्शन ड्युटी मोखाड्याला लागली होती. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता (तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला), जव्हार-मोखाडा सगळं ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे आमच्यासारख्या कल्याण-ठाण्याच्या मास्तरांना तिकडे धाडायचे. जव्हार-मोखाडा ज्यात येतं तो विक्रमगड नावाचा मतदारसंघही त्याच निवडणुकीत पहिल्यांदा आला, आदिवासींसाठी राखीव. आदल्या दिवशी मशीन, सील, शाई, रजिस्टरं असं सगळं सामान घेऊन जीपने निघालो, शेवटचा पाऊण तास तर डोक्यावर पेटी घेऊन चालत. रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. समोरच्या उतारावर नागली उभी होती, खाली खाचरात भात पिवळं पडत आलेलं.

सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर पंचवीस-तीस बाया रांगेत. सतरा-अ च्या (मतदारांच्या नोंदीच्या) रजिस्टरवर सह्या कमी, अंगठेच जास्त. एका आजीचा अंगठा उमटेचना, इतका झिजलेला, पॅडवर दोनदा दाबला तरी कागदावर नुसता निळा डाग. तिने पदराला बोट पुसलं, परत दाबलं, तेव्हा कुठे चार रेघा दिसल्या. मत देऊन बाहेर जाताना माझ्यापाशी थांबली आणि विचारलं, "गुरुजी, झालं ना माझं मत?" दोन टेकड्या उतरून आली होती ती. दुपारी दोनपर्यंत आमच्या बूथवरचं बहुतेक मतदान आटोपलं होतं. तेव्हापासून कुणी "आदिवासी काय, दारू-मटणावर मत देतात" असं म्हटलं की मला संताप येतो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टने खाली उतरायचं आणि समोरच्या शाळेत जायचं, तरी अर्धी सोसायटी घरात बसलेली असते.

आता २०२४ चं सांगतो. ठाण्यात बाळकुमला आमच्या शेजारी टॉवरचं काम चालू आहे, तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहणारा एक मोखाड्याकडचा गडी ओळखीचा झालाय, त्याची बायको आणि लहान मुलगीपण तिथेच असतात. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी भेटला. प्लास्टिकच्या पिशवीत दोघांची मतदान कार्डं, आधार कार्डं, रेशन कार्ड, सगळं एकात एक घालून ठेवलेलं. म्हणाला, "दादा, मुकादम म्हणतो गेलास तर दोन दिवसांची हजेरी कट. गावाकडनं गाडी येणारे म्हणतात, पण गाडी ज्याची मत त्याचं, मग मी काय बोलू तिथे?" शेवटी तो स्वतःच्या पैशाने एसटीने गेला, बायको मुलीला घेऊन इथेच राहिली. परत आला तेव्हा बोटाला शाई होती आणि दोन दिवसांची हजेरी खरोखर कापली गेली. बायकोचं मत राहिलं ते राहिलंच.

हे ऐकल्यावर मी कॅलेंडरं काढून बसलो. २००९ ला मतदान १३ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १७ ला. २०१४ ला मतदान १५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २३. २०१९ ला २१ ऑक्टोबर आणि २७. म्हणजे लागोपाठ तीन विधानसभा दिवाळीच्या आधी झाल्या. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं आणि मतदान २० नोव्हेंबरला. आपल्याला ठाण्यात यात काही विशेष वाटणार नाही, पण जव्हार-मोखाड्यात दिवाळी म्हणजे वर्षाची फाळणी असते. पावसावरचं एकच पीक, तेही उताराच्या जमिनीवर, नागली-वरई-भात झोडून झालं की गावात ना पाणी ना काम. रोजगार हमीचं मस्टर निघेपर्यंत आणि त्याचे पैसे हातात पडेपर्यंत घरात दाणा राहत नाही. वीटभट्टीची उचल तर आधीच घेऊन खर्च झालेली असते. दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन माणसं भिवंडी, वसई, ठाणे, नवी मुंबईला उतरतात, पोरंबाळं सोबत, शाळेचा पट कागदावर भरलेला आणि वर्ग रिकामा. होळीला दोन-चार दिवस गावी जाऊन येतात, मग थेट पावसाच्या तोंडावर. पाड्यावर उरतात म्हातारे.

आणि त्या वेळी निवडणूक आयोग काय म्हणाला ते आठवून बघा. ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरची निवडणूक जाहीर केली तेव्हा महाराष्ट्राची का नाही, तर पाऊस आणि सणवार: गणपती, नवरात्र, दिवाळी. ऑक्टोबरमध्ये तारीख दिली तेव्हा सांगितलं की बुधवार मुद्दाम निवडलाय, शहरातले लोक शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढतात आणि मतदानाला जात नाहीत म्हणून. म्हणजे लोणावळ्याला जाणाऱ्या माणसासाठी वार बदलता येतो. मग उचल घेऊन भट्टीवर बसलेल्या माणसाचा विचार तारीख ठरवताना का होत नाही? मला हे मनापासून लागलंय. आयोगाचा त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही, पण हे सांगायला त्यांच्यापर्यंत कुणी गेलंच नाही.

जायला हवं होतं ते तिथल्या नेत्यांनी. विक्रमगडने २००९ ला भाजपच्या चिंतामण वनगांना निवडून दिलं, २०१४ ला भाजपच्याच विष्णू सवरांना, ते तर आदिवासी विकास मंत्री झाले. २०१९ ला राष्ट्रवादीचे सुनील भुसारा, २०२४ ला परत भाजप, हरिश्चंद्र भोये. लोक माणसं बदलतात, पक्ष बदलतात, डोळे झाकून मत देत नाहीत. पालघर लोकसभेला तर राजेंद्र गावित २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपकडून आले आणि वर्षभरात शिवसेनेकडून परत आले. राखीव जागेमुळे आमदार आदिवासीच होतो, ते गरजेचंच आहे, पण तिकिटाचा फैसला जव्हारला होत नाही, ठाणे-मुंबईत होतो आणि त्यामुळे भाषणांतही वरूनच आलेलं बोललं जातं. १९९२-९३ ला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने गेली, २०१६ ला पुन्हा मोखाडा पेपरात आला. दोन्ही वेळेस गाड्यांचे ताफे घाट चढून गेले. पण आई-बाप सहा महिने भट्टीवर असताना त्या पोराला अंगणवाडीचा आहार कोण देणार, हा प्रश्न मी एकाही प्रचारसभेत मुख्य मुद्दा म्हणून ऐकलेला नाही.

एकत्र यायचं ठरवलं तर येतात, हेही पाहिलंय. ऑक्टोबर २०२४ ला तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांसह आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या, पक्ष बाजूला ठेवून, पेसा भरती (आदिवासी भागातली सरकारी नोकरभरती) आणि आरक्षणासाठी. विधानसभेत २८८ पैकी २५ जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. या २५ जणांनी एक पत्र दिलं असतं की आमच्याकडचं मतदान दिवाळीच्या आधी घ्या, तर आयोगाला निदान उत्तर द्यावं लागलं असतं. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठीचं एक मशीन दाखवायला सगळ्या पक्षांना बोलावलं होतं, एका ठिकाणाहून ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असं. पक्षांनी शंका काढल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या, पण २०२४ मध्ये ते मशीन कुठेच वापरलं गेलं नाही आणि त्याच्या जागी दुसरं काहीही आलं नाही. आली ती उमेदवाराची जीप. मतदाराला फुकट गाडीने बूथवर नेणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण म्हणून लिहिलेलं आहे, पण भट्टीवरच्या माणसाला गावी जायला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

आता आपल्याकडचं. याच कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची असते, रोजंदारीवाल्यालासुद्धा, आणि त्याचं मत दुसऱ्या मतदारसंघात असलं तरी ती लागू होते. न दिल्यास मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत, म्हणून कुणी घाबरत नाही. भट्टीवर तर हजार विटांमागे हिशोब, तिथे पगारी सुट्टी हा शब्दच कुणाला माहीत नाही.

माझ्या लिस्टमध्ये बिल्डर आहेत, सब-कॉन्ट्रॅक्टर आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत ज्यांच्या आवारात आत्ता रंगकाम-वॉटरप्रूफिंग चालू आहे. तुमच्या साइटवर जव्हार-मोखाड्याची माणसं असतील, विचारा त्यांना. पुढची कुठलीही निवडणूक असो, झेडपीची असो की विधानसभेची, मतदानाचा दिवस आणि जायचा-यायचा एक दिवस, दोघा नवराबायकोची हजेरी कापू नका. कलमाची मराठी प्रत हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, माझ्याकडे आहे, मुकादमाला दाखवायला प्रिंट काढून देतो.