‘थंब येत नाही’

माझ्या आईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. डिचोली तालुक्यातल्या एका काजूच्या कारखान्यात तिनं 22 वर्षं बिया फोडल्या. काजूच्या टरफलातलं काळं तेल कातडी जाळतं. बायका हातांना राख फासायच्या, खोबरेल लावायच्या, तरी संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघायचीच. त्या पैशांवर आम्ही दोघं भावंडं शिकलो. आज मी लिस्बनला नोकरी करतो.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे यायची होती. पणजीला व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते. काचेवर बोटं ठेव, पुस, पुन्हा ठेव. चार बोटं लागली, सहा लागली नाहीत. खिडकीमागच्या मुलीनं तशी नोंद केली आणि अर्ज पुढे सरकवला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियमच तसा आहे: दहा ठसे मिळत नसतील तर मिळतील तेवढे घ्यायचे.

त्याच महिन्यात गावातल्या रास्त भावाच्या दुकानात ती तांदूळ आणायला गेली. तिथल्या, आधारशी ठसा जुळवणाऱ्या यंत्रावर तिनं एकेक बोट ठेवून पाहिलं. ‘थंब येत नाही, उद्या या.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ‘साहेबांना विचारतो’. तो मुलगा तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला, तिला ‘काकी’ म्हणणारा. रात्री फोनवर ती मला म्हणाली, ‘म्हाका सगळो गांव वळखता, मशीन वळखना.’ तिच्या आवाजात राग नव्हता. लाज होती, आणि मला तेच सहन झालं नाही. (आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, म्हणून तिचं वाक्य तिच्याच भाषेत ठेवलं आहे.)

अंगठा लागला नाही तर मोबाइलवर ओटीपी घेता येतो, चेहराही चालतो. पण आईचा मोबाइल नंबर जुना, तो बदललेला, आणि नवा जोडायचा तर पुन्हा रांग. नियम कागदावर असतो आणि माणूस दुकानाच्या पायरीवर उभा असतो. दोघांमध्ये जो उभा असतो त्याला यंत्राविरुद्ध निर्णय घ्यायची मुभा हवी, ती त्याला कुणी दिलेली नाही.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्यानं ठेवणीतलं वाक्य काढलं: ‘कर नाही त्याला डर कशाला?’ मामाचा आधारवर विश्वास आहे, आणि त्याला कारणही आहे. आईचे सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे आता थेट खात्यात येतात. त्यासाठी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागत नाही, कुणाचा हात ओला करावा लागत नाही. हे मी नाकारत नाही. 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा ज्यांच्याकडे ओळखीचा एकही कागद नव्हता अशांना काहीतरी मिळालं, हेही खरं. पण मामा, आईनं कसला ‘कर’ केला होता? तिनं फक्त काजू फोडले.

आणि ‘डर’ आपली करणी पाहून येत नाही, समोरच्याच्या हातात काय आहे ते पाहून येते. काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळांवरून उचलून, त्यांचे सिलिकॉनचे ठसे करून लोकांच्या खात्यांतले पैसे काढले गेले. अंगठा दिला होता जमिनीसाठी, वापरला गेला बँकेसाठी. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

इथं पोर्तुगालात लोक सरकारला अंगठा देत नाहीत असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. माझ्या पोर्तुगीज सहकाऱ्याच्या ओळखपत्रात त्याचे ठसे आहेत. पण ते कार्डाच्या चिपमध्ये, त्याच्या खिशात असतात. कार्ड बनवण्यापुरती कचेरीत राहिलेली प्रत, दुसऱ्या एखाद्या कायद्यानं ती लागत नसेल तर, कार्ड दिल्यापासून 90 दिवसांच्या आत पुसायची असा युरोपीय संघाचा नियम आहे. त्याच कार्डावर ओळखीचा, कराचा, सामाजिक सुरक्षेचा आणि आरोग्याचा असे चार वेगवेगळे क्रमांक आहेत. मला आधी हा गबाळेपणा वाटला होता. मग कळलं की इथल्या राज्यघटनेच्या 35व्या कलमात नागरिकांना एकच राष्ट्रीय क्रमांक द्यायला मनाई आहे.

ही मनाई 1976 सालची, म्हणजे हुकूमशाही पडल्यानंतर दोन वर्षांनी आलेली. हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी, ‘पिदे’नं, माणसामाणसाच्या फायली बांधल्या होत्या. कोण कुणाला भेटतो, काय वाचतो, पत्रात काय लिहितो. त्या फायली आज लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहेत. ज्यांनी हे भोगलं त्यांनी घटना लिहिताना ते विसरायचं नाही असं ठरवलं.

आणि हे भोगणं आपलंसुद्धा आहे. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे यांना गोव्यातून उचलून इथल्या पेनिशच्या किल्ल्यात आणून डांबलं होतं. 1961पर्यंत त्या पोलिसांची नजर पणजी-मडगावावरही होती. एकाच राजवटीचा जाच दोघांनी सोसला. पोर्तुगालनं त्यातून कलम 35 लिहिलं, आपण दरवर्षी 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, झेंडा फडकावतो. सरकारनं माणसाची माहिती गोळा केली की काय होऊ शकतं, हे भारतात गोव्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं? आपल्या विधानसभेत, आपल्या मराठी वर्तमानपत्रांत हा प्रश्न या अंगानं विचारलेला मला क्वचितच दिसतो.

मामाला मी इथली दोन उदाहरणं सांगितली. 2021च्या जनगणनेची माहिती अमेरिकी कंपनीच्या सेवेमार्फत बाहेर जाते आहे हे लक्षात आल्यावर इथल्या विदासंरक्षण, म्हणजे लोकांची माहिती जपणाऱ्या, आयोगानं सरकारी सांख्यिकी संस्थेला ते थांबवायला लावलं. निदर्शनं करणाऱ्यांची नावं-पत्ते लिस्बन महापालिकेनं रशियाच्या वकिलातीला कळवले, तेव्हा त्याच आयोगानं महापालिकेला सुमारे साडेबारा लाख युरोंचा दंड ठोठावला. आयोगाचा अध्यक्ष संसद निवडते. सरकारला ‘थांब’ म्हणणारा सरकारचा नोकर नाही.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल मी लिस्बनच्या मेट्रोत मोबाइलवर वाचला होता आणि अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी आधार चार विरुद्ध एक मतानं टिकलं. खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद न्यायालयानं रद्द केली, तर 2019च्या दुरुस्तीनं ‘ऐच्छिक’ म्हणत बँका आणि मोबाइल कंपन्यांना वाट करून दिली. 2022च्या कायद्यानं पोलिसांना अटक केलेल्यांचे ठसे आणि बुबुळांचे नमुने घ्यायची मुभा मिळाली, ती नोंद 75 वर्षं ठेवता येते. 2023चा विदासंरक्षण कायदा आला, पण त्यात केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं, आणि त्याखालच्या विदासंरक्षण मंडळाची नेमणूकही केंद्रच करतं. उद्या एखाद्या सरकारी खात्याकडून माझ्या आईचे ठसे फुटले तर त्या खात्याला दंड करायचं धाडस कोण दाखवणार?

युरोपाची आरती ओवाळायची मला हौस नाही. आपल्या नागरिकाचे ठसे त्याच्या खिशात ठेवणारा हाच युरोप माझ्या आईचे ठसे मध्यवर्ती साठ्यात पाच वर्षांपर्यंत ठेवतो. आपल्यासाठी एक माप, पाहुण्यासाठी दुसरं. ते मला खटकतं आणि इथल्या मित्रांना मी ते बोलून दाखवतो. तरीही फरक उरतोच: सहा बोटं लागली नाहीत म्हणून तिचा व्हिसा अडला नाही. तांदूळ मात्र अडला.

मे महिन्यात ती आली तेव्हा तिला मी पेनिशला नेलं. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. समुद्राकडे पाहत ती बराच वेळ बसून राहिली, मग म्हणाली, ‘इतक्या लांब आणून ठेवलं होतं त्यांना?’

घरी परतल्यावर तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भांडी घासताना तिची डाव्या हाताची करंगळी सारखी वर राहत होती, चहाचा कप धरल्यासारखी. दुखते का, म्हणून मी विचारलं. दुखत नव्हती. गावच्या दुकानातल्या यंत्राला आता तेवढं एकच बोट लागतं, म्हणून राखेला, साबणाला, गरम पाण्याला ती ते बोट लावत नाही.