किरमिजी की विटकरी?

आमच्या घरात अंडं येत नसे. आजोबा माळकरी, त्यामुळे अंड्याचं नावही कुजबुजत घ्यावं लागे. अकरावीला केमिस्ट्रीच्या मॅडमनी सांगितलं, ‘सडक्या अंड्याचा वास आला की हायड्रोजन सल्फाइड समजायचं,’ तेव्हा माझी पंचाईत झाली. मला चांगल्या अंड्याचा वास ठाऊक नाही, सडक्याचा कुठून असणार? पुढे होस्टेलवर एका मित्राच्या पिशवीत अंडं कुजलं. सगळे नाक दाबून पळाले आणि मी मात्र ‘अरे, हा तर आपला एच-टू-एस!’ म्हणत दारात उभा राहिलो.

अमोनियाचं तसं नव्हतं. त्याची ओळख एसटी स्टँडनं बालवाडीच्या वयातच करून दिली होती.

दहावीपर्यंत सगळं मराठीत होतं. कार्बन डायऑक्साइड सोडला की चुन्याची निवळी दुधाळ व्हायची, तळाशी अवक्षेप बसायचा. अकरावीला सायन्स घेतलं आणि निवळीची लाइम वॉटर झाली, अवक्षेपाचा प्रेसिपिटेट. सासरी जाऊन नाव बदललेल्या मावशीसारखी ही मंडळी समोरून जायची आणि मी ओळख दाखवायचो नाही. बाटल्यांवरची नावं तर परक्या मुलखातलीच वाटत. कॉपर सल्फेट म्हणजे द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद आणि फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, हे कोणी सांगितलंच नाही. लहानपणी आळीत कल्हईवाला यायचा. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा आणि आम्ही पोरं खोकत खोकत त्यात नाचायचो. लॅबमध्ये अमोनियाच्या तोंडाशी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी धरली की तोच धूर निघे. जर्नलमध्ये मी ‘डेन्स व्हाइट फ्यूम्स ऑफ अमोनियम क्लोराइड’ असं झोकात लिहिलं. अमोनियम क्लोराइड म्हणजेच नवसागर, हे कळायला बारावी पास व्हावं लागलं.

पण खरा छळ रंगांचा. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, तिला क्षाराचे कण चिकटवायचे आणि ज्योतीत धरायची. ज्योत ब्रिक रेड झाली तर कॅल्शियम, क्रिमसन झाली तर स्ट्रॉन्शियम, अॅपल ग्रीन झाली तर बेरियम, लिलॅक झाली तर पोटॅशियम. आता आमच्या बाजारात सफरचंद लाल. लिलॅक नावाचं फूल तालुक्यात कोणी पाहिलेलं नाही. ब्रिक आणि क्रिमसन, दोन्ही मला नुसते लाल दिसत.

आमची आई ब्लाउज शिवायची. तिच्या लेखी जगात ‘लाल’ नावाचा एक रंग नव्हताच. रिळांच्या दुकानात ती साडीचा पदर बोटावर ताणून धरायची आणि ‘अहो, हा डाळिंबी झाला, मला आमसुलीच्या अलीकडचा हवाय,’ असं म्हणत दुकानदाराला घाम फोडायची. एका रात्री मी मोठ्यानं पाठांतर करत होतो. मशीन न थांबवता ती म्हणाली, “ब्रिक म्हणजे वीट ना? मग विटकरी म्हण की सरळ. आणि ते क्रिमसन म्हणजे आपलं किरमिजी असेल.” मी हसलो. पुढे वाचनात आलं की दोन्ही शब्द एकाच घरचे. किरमिज नावाच्या किड्यापासून लाल रंग काढत, त्याच अरबी नावावरून एक इंग्रजीत गेला आणि एक आपल्याकडे आला. मग मी तिला सगळं जर्नलच वाचून दाखवलं. मँगनीजचा बफ? “बिस्किटी.” निकेलचा रोझी रेड? “राणी कलर.” अॅल्युमिनियमचा पांढरा जिलेटिनस प्रेसिपिटेट? त्यावर मात्र तिनं मशीन थांबवलं. “म्हणजे पेजेसारखा. हे शिकायला फी भरतोस होय रे?”

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मला ओळखायला पांढराशुभ्र क्षार मिळाला. पांढरा म्हणजे काहीच सांगत नाही, अगदी गप्प पाहुणा. आधी ब्राऊन रिंग. क्षाराच्या द्रावणात फेरस सल्फेट घातलं, नळी तिरकी केली आणि कडेकडेनं सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडले. जड आम्ल तळाशी गेलं आणि दोन थरांच्या मधोमध हळूहळू तपकिरी कडं उमटलं. नायट्रेट! काय सुंदर दिसत होतं ते! हे एक्स्टर्नल सरांना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, दाखवायलाच हवं म्हणून निरांजन न्यावं तसा मी नळी सांभाळत निघालो. बेसिनपाशी कोणाचा तरी कोपर लागला, नळी हलली आणि कडं विरघळून गेलं. सरांसमोर पोचलो तेव्हा हातात नुसतं मळकं पाणी होतं. “होती सर, आत्ता होती,” मी म्हणालो. हरवलेल्या अंगठीची फिर्याद असावी तसं त्यांनी ऐकून घेतलं.

मग धातू. कार्बोनेट गटात साका आला, म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम नाहीतर कॅल्शियम. क्रोमेट टाकलं, पिवळं काही दिसेना, म्हणजे बेरियम बाद. अमोनियम सल्फेटनं पांढरं आलं, पण जरासा गढूळपणा कॅल्शियमही दाखवतो. आता निकाल ज्योतीकडे. प्लॅटिनमची तार लॅबच्या मामांच्या कपाटात, कुलपात. मंगळसूत्र द्यावं तशी त्यांनी ती मोजून दिली. मी ज्योतीत धरली, तर भडक पिवळी. सोडियम! क्षारात सोडियम नव्हतं, ते माझ्या घामेजलेल्या बोटांचं मीठ होतं. चिमूटभरही लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. १८६० मध्ये बुन्सेननं किर्चहॉफच्या जोडीनं ज्योतीतल्या रंगरेषांवरून झऱ्याच्या पाण्यातलं सीझियम हे नवंकोरं मूलद्रव्य शोधलं. मी त्याच्याच नावाच्या बर्नरवर स्वतःचा घाम शोधला.

तार पुन्हा आम्लात, पुन्हा ज्योतीत. चौथ्या खेपेला पिवळा ओसरला आणि मागून एक लाल लपका आला. विटेची झाक नव्हती त्याला. मागच्या लग्नसराईत आईनं काठ लावलेला शालू होता ना, हुबेहूब तो.

“कलर?” एक्स्टर्नल मागे येऊन उभे होते.

“किरमिजी, सर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “इंग्लिशमध्ये?”

आयत्या वेळी ‘क्रिमसन’ कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणालो, “स्ट्रॉन्शियम, सर.” ते काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले.

घरी आलो. सिल्व्हर नायट्रेटनं बोटांची टोकं काळी पडत चालली होती. आई बटणाची काजं करत होती.

“काय निघालं रे?”

“स्ट्रॉन्शियम. किरमिजी.”

दातांत धरलेला दोरा तिनं तोडला. “किरमिजीला लाल अस्तर लावू नकोस म्हणावं तुझ्या सरांना. मरूनच लागतं.”