पहाटेचं दूध, अश्वगंधा आणि ‘डॉक्टरांना विचारत बसू नका’

‘ऑपरेशनचं टेन्शन? हे सहा उपाय करा, डॉक्टरही थक्क होतील!’ हा मेसेज एव्हाना बहुतेक नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे तो मावशीपर्यंत पोचला, तोही तिची पित्ताची पिशवी काढायच्या आदल्या संध्याकाळी. तिने पहिलाच उपाय मनोभावे केला. पहाटे कपभर गरम दूध, त्यात चमचाभर अश्वगंधा आणि चिमूटभर जायफळ. दवाखान्यात सिस्टरने विचारलं, “काही खाल्लं नाही ना?” तर म्हणाली, “छे, उपाशीच आहे.” तिच्या हिशेबाने ते खरंच होतं, दूध कुणी खातं का? भूल देणाऱ्या डॉक्टरांनी “चहा? दूध?” असं फोड करून विचारलं म्हणून निभावलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. मावशी मला म्हणते, “अगं, पण मन शांत झालं होतं हो!”

तर आधी हे दूधच बघू, कारण याने थेट जीव जाऊ शकतो.

भूल दिली की ठसका लागायची, खोकायची शरीराची सवय बंद पडते. त्या वेळी पोटात काही असेल तर ते उलटं वर येऊन श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसात उतरू शकतं. हे काही कुणाच्या मनातलं भय नाही. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी मांडल्या, त्यात भूल दिल्यावर पोटातलं असं फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणं सापडली. त्या दुखण्याला आजही त्यांचंच नाव आहे. दूध दिसायला पातळ, पण जठरातल्या आम्लात ते फाटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून भूलतज्ज्ञ दुधाला पाण्याच्या नाही, हलक्या जेवणाच्या रांगेत बसवतात: निदान ६ तास आधी बंद. तळलेलं, तुपकट असेल तर ८ तास. त्यातून मावशीचं ऑपरेशन दुर्बिणीचं, म्हणजे पोटात गॅस भरून आतला दाब वाढवणार. वर अश्वगंधा. तिने गुंगी येते म्हणूनच तर लोक घेतात ना? मग भुलेच्या औषधांबरोबर ती गुंगी किती वाढेल, याचा हिशेब कुणी करायचा, मेसेज लिहिणाऱ्याने? अशी चूर्णं, काढे साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. आणि ‘आयुर्वेदिकच आहे, सांगायला कशाला हवं’ म्हणून लपवणारे आपल्याकडे घरटी एक.

एक मात्र कबूल. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा जुना दंडक गरजेपेक्षा कडक आहे, असं मेसेजमध्ये म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. साधं पाणी, बिनदुधाचा चहा पोटातून लवकर पुढे सरकतो, म्हणून एरवी धडधाकट माणसाला २ तास आधीपर्यंत चालतो. डायबेटिस जुना असेल तर पोट सावकाश रिकामं होतं, त्यांचं गणित वेगळं. तुमची वेळ कोणती हे तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील. ‘पाणी चालतं’ यावरून ‘दूध चालतं’ ही उडी मात्र त्या मेसेजवाल्याची स्वतःची.

दुसरा उपाय, ‘मन शांत झालं की बीपी आपोआप उतरतं, म्हणून गोळ्या दोन दिवस आधी सोडा’. नको! काही गोळ्या डॉक्टर स्वतःच आदल्या दिवशी थांबवतात, काही अगदी ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला लावतात. बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी आवरून धरणाऱ्या) गटातली गोळी एकाएकी सोडली तर नाडी आणि बीपी उसळतात, म्हणजे ज्याला घाबरलो तेच ओढवून घ्यायचं. शुगरच्या काही नव्या गोळ्या उलट तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. कुठली कोणत्या गटातली, हे मेसेजवरून कसं कळणार?

तिसरा उपाय ‘कमरेतलं इंजेक्शन नाकारा, जन्माची पाठदुखी लागते’. म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करायला मणक्यात देतात ते. थोडे दिवस टोचल्या जागी दुखतं, काहींचं डोकं दुखतं. जन्मभराची पाठदुखी त्या सुईने लागते, याला आधार नाही. पुढे.

चौथा मला खरं तर हसून सोडून द्यायचा होता. ‘रोज ११ मिनिटं अमुक श्वसन करा, रक्तातलं ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल शून्यावर येतं.’ शून्यावर! कॉर्टिसोल खरंच शून्याजवळ जातं, अशा एका दुखण्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. थॉमस ॲडिसन यांनी तो १८५५ मध्ये मांडला. त्यात बीपी कोसळतं, शुगर उतरते, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचं शरीर ते पुरेसं बनवत नाही, म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना ते मुद्दाम वरून द्यावं लागतं. रोज पहाटे तुम्हाला अंथरुणातून उठवायलाही तेच वाढतं. संथ श्वासाने धडधड कमी होते, हे मान्य. करा की खुशाल, फुकट आहे. पण तेवढंच सांगितलं असतं तर ‘शून्य’ हा शब्द कुठे घालायचा होता?

पाचवा उपाय वरवर मायेचा वाटतो आणि म्हणून मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. ‘पेशंटला काही सांगू नका. डॉक्टरांना प्रश्न विचारत बसू नका, माहितीने भीती वाढते.’ आपल्याकडे हे मेसेज यायच्या आधीपासून चालतंय. “आजींना काही बोलू नका हं, आम्हाला बाहेर सांगा.” आजी बिचारी आढ्याकडे बघत मनातल्या मनात काय काय रचत असते.

याची तपासणी होऊन साठ वर्षं झाली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या ९७ जणांचे दोन गट केले. एका गटाशी नेहमीसारखंच वागले. दुसऱ्यातल्या प्रत्येकापाशी आदल्या संध्याकाळी बसून सांगितलं: जाग आल्यावर दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, पोटाचे स्नायू आखडतात, ते सैल कसे सोडायचे, श्वास कसा घ्यायचा, कुशीवर वळताना हातापायांचा जोर कसा लावायचा. नंतरही जाऊन तेच पुन्हा समजावलं. कोण कुठल्या गटात हे सर्जनना माहीत नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं, त्यांना वेदनेचं औषध जवळजवळ निम्मं लागलं, आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९६४ साली छापून आलंय. ‘दुखेल’ असं तोंडावर सांगूनही भीतीचा कहर झाला नाही, उलट औषध कमी लागलं. श्वासाचा उपयोगही यातच आला, पण तो समजावून सांगण्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही.

मावशीचंच बघा. तिची सगळी भीती एका गोष्टीची होती, मध्येच जाग आली तर? हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन पुढे ढकलल्यावर त्या डॉक्टरांनी तिला बसवून विचारलं, मग मॉनिटर कशाकशावर लक्ष ठेवतो आणि आपण पूर्ण वेळ उशाशी कसे असतो ते सांगितलं. त्या रात्री ती जायफळाशिवाय झोपली.

सहावा उपाय: ‘ताणात जखम भरत नाही, मन शांत होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकला.’ पूर्वार्ध नाइलाजाने मान्य करते. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ओहायोतला एक छोटा अभ्यास आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायकांची सारखीच छोटी जखम भरायला इतरांपेक्षा सुमारे ९ दिवस जास्त लागले. पण तो ताण वर्षानुवर्षांच्या सेवेचा, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा नव्हे. पित्तनळीत खडा अडकला तर तो तुमचं मन शांत व्हायची वाट बघत नाही.

शेवटी तळटीप आहे, ‘झोपेच्या आणि मानसिक गोळ्याही फेकून द्या, सवय लागते’. रोजच्या जगण्यातला ताण हाताळायचा उपाय म्हणून! यातल्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, ऑपरेशन असो वा नसो. कमी करायच्याच असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू. त्यांना गाठणं जमत नसेल आणि रात्री काळजीने डोळ्याला डोळा लागत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येतं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हा नंबर पाठवा.