अपडेट झालं की क्लाउड बसलाच!

वैताग आलाय आता. घरच्यांचे फोटो, आईचे रिपोर्ट, सगळ्यांचे कॉन्टॅक्ट परक्याच्या हाती द्यायचे नाहीत म्हणून घरच्याच सर्व्हरवर आपला क्लाउड, म्हणजे फोटो-फाइली साठवणारं नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर, चालवायचा. एवढीच अपेक्षा. पण सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन ११ वरून १२ वर गेली की पीएचपी (ज्या भाषेवर क्लाउड चालतो ती) ७.४ चं थेट ८.२ होतं, आणि ब्राउझरमध्ये पांढऱ्या पानावर एकच ओळ: क्लाउडची ही आवृत्ती पीएचपी ८.२ वर चालत नाही. बस्स. फोनचं सिंक बंद, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामंही बंद.

बरं, क्लाउडच अपडेट करावा म्हटलं, तर ती कमांडसुद्धा पीएचपीवरच चालते. तीही तीच ओळ तोंडावर फेकते! जुन्या क्लाउडला ८.१ पर्यंतच चालतं, पुढच्याला किमान ८.० लागतं, आणि डेबियन ११ मध्ये किंवा १२ मध्ये ८.० नाही नि ८.१ही नाही. मग बाहेरच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) मधलं पीएचपी आणा, जीडी, इंटल, एमबीस्ट्रिंग, असं पीएचपीचं एकेक जोड-मॉड्यूल पुन्हा टाका, क्लाउड एक पायरी चढवा आणि मग परत ८.२ वर या. क्लाउडची मधली मोठी आवृत्ती गाळायचीही सोय नाही. तोवर घरातून आपलं चालूच, "फोटो कधी दिसणार?"

अरे क्लाउड बनवणाऱ्यांनो, आवृत्ती जुळत नाही हे तुमच्या प्रोग्रॅमला कळतं ना? मग त्याच पानावर 'आधी अमुक पीएचपी टाका, मग तमुक आवृत्ती घ्या' एवढं लिहायला काय जड जातं? त्या दोन ओळींपायी लोक रात्र रात्र सर्व्हरचे लॉग (नोंदी) चाळत बसतात!