नर-मादी बघून निमो घ्यायचा म्हणे. आत्या, थांब जरा!

रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले तर निमोवर, म्हणजे सिनेमातल्या त्या केशरी-पांढऱ्या क्लाऊन फिशवर, आत्याचा फॉरवर्ड. "क्लाऊन फिश घरी आणताय? हे सात नियम पाळा, मासे कधीच मरणार नाहीत." खाली "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा". हा मेसेज महिनाभरात तिसऱ्यांदा आलाय, आधी दोनदा वाचून सोडून दिला, कोण वाद घालत बसणार. पण ह्या वेळी खाली फोटो होता. गिरगावातली आत्याची खोली, शोकेसवर टाकी, टाकीत दोन चांगले बोटभर लांबीचे निमो आणि आत्याची ओळ : "नातवाच्या वाढदिवसाला आणले गं, दुकानदाराने मेसेजमध्ये लिहिलंय तश्शी जोडीच दिली."

झालं. आता लिहिणं भाग आहे.

पहिला नियम म्हणे, पट्ट्याची काळी किनार जाड असेल तो नर, बारीक असेल ती मादी. अहो ती किनार नर-मादीची नाहीच! दुकानात ज्याला सरसकट निमो म्हणतात त्यात दोन वेगळ्या जाती येतात, ऑसेलॅरिस आणि पर्क्युला. पर्क्युलाची काळी किनार बहुतेक वेळा जाड, ऑसेलॅरिसची बारीक. ऑसेलॅरिस आपल्या अंदमानकडेही सापडतो, पर्क्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं त्या बाजूचा. म्हणजे हा नियम पाळून "जोडी" आणलीत तर तुम्ही दोन जाती घरी आणल्यात, नवरा-बायको नाही.

बरं, अर्धा मार्क देते. टोमॅटो क्लाऊन म्हणून जो लालभडक मासा मिळतो, त्यात मोठी मादी अंगावर काळपट होते आणि नर लालच राहतो, तिथे रंगावरून कळतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी ऐकलं असेल आणि लावून दिलं निमोला.

आता दुसरा आणि तिसरा नियम, ज्यांच्यामुळे माझं डोकं फिरलं. "दोघं सारख्याच आकाराचे आणि जितके मोठे तितके चांगले, लगेच अंडी देतात." आणि पुढे, हे शब्दशः वाचा, "तोंडाला तोंड लावून फिरले तर समजा प्रेम जमलं." प्रेम!

क्लाऊन जन्मतः ना नर असतो ना मादी. लहानपणी नुसतं पिल्लू, मग मोठा होताना नर, आणि गटात जो सगळ्यात दांडगा तो मादी होतो. एका अ‍ॅनिमोनमध्ये (समुद्रातला फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा प्राणी, क्लाऊनचं घर) एकच मादी, सगळ्यात मोठी. तिच्याखालचा नंबर दोन तिचा नर. बाकीचे गप लहान राहून रांगेत उभे. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर होतो. हे मी मनाचं सांगत नाहीये, हान्स आणि सिमॉन फ्रिके ह्या दोघा संशोधकांनी १९७७ साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात ह्यावर पेपर छापलाय, मादी बाजूला केली की नर मादी होतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवणं हे सगळं मोठ्याच्या दादागिरीवर चालतं, असा. पन्नास वर्षं होत आली, तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर किनारी मोजणं चालू आहे.

मुख्य म्हणजे ही गाडी एकाच दिशेने जाते. नराची मादी होते, मादीचा परत नर होत नाही. आता विचार करा, दुकानातून दोन सारखे मोठे आणलेत. बऱ्यापैकी शक्यता आहे की दोघी माद्याच आहेत. दोघींपैकी कुणीच मागे येऊ शकत नाही, आणि समुद्रात हरलेली निघून जाईल पण टाकीत जाणार कुठे, काचेतून? तोंडाला तोंड लावतात ते जबडे धरतात हो, मारामारी आहे ती.

हे मला कसं माहीत, तर मी हे करून बसलेय. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून (नाव नको, माणूस गोड बोलणारा होता) "ब्रीडिंग पेअर" म्हणून दोन मोठे आणले, जास्तीचे पैसे देऊन. पहिले दोन दिवस खरंच एकत्र फिरत होते, मी व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवले. तिसऱ्या दिवशी एकीची शेपटी फाटलेली. पाचव्या दिवशी सकाळी डबा भरता भरता टाकीकडे बघितलं तर ती दिसेना. फिल्टरच्या पाइपमागे वरच्या कोपऱ्यात पाण्याला टेकून उभी होती, पंखाच्या नुसत्या काड्या राहिलेल्या, आणि दुसरी खाली फेऱ्या मारतेय. संध्याकाळी ऑफिसवरून आले तोवर गेली होती.

म्हणून जोडी विकत घ्यायची नसते, जमवायची असते. दोन लहान घ्या, इंच-सव्वा इंचाचे, त्यातला एक नजरेला कळेल इतका मोठा, आणि दोघांना एकाच वेळी टाकीत सोडा. मोठा दांडगाई करेल, धाकटा त्याच्यासमोर तिरका होऊन अंग थरथरवेल. लोक घाबरून दुकानात फोन करतात की माशाला फिट आली. फिट नाही, "ताई तू मोठी, मी लहान" असं कबूल करणं आहे ते, ते दिसलं की समजा काम झालं. अंडी वगैरे वर्षभर तरी विसरा. दुकानात घेताना समोर खायला टाकायला सांगा, जो झडप घालून खात नाही तो घेऊ नका. आणि शक्यतो टाकीतच वाढवलेले मागा, समुद्रातून पकडलेले रोग घेऊन येतात. आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाऊनची पैदास कधीच जमवलीय, त्यामुळे "हे फक्त समुद्रातूनच येतात" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ह्यालाच जोडून नियम चार, "मादी मेली तर लगेच दुसरी मोठी मादी आणा". नका आणू! मागे राहिलेला नर मादी व्हायच्या वाटेला लागलेला असतो, वागणं आधी बदलतं, शरीर मागून सावकाश. त्याला त्याच्याहून लहान आणून द्या. तेही थेट सोडू नका, आठवडाभर भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात टाकीतच ठेवा, बघू दे एकमेकांना.

पाचवा, अ‍ॅनिमोनशिवाय मरतात. समुद्रात हो, तिथे मोठे मासे खातील त्यांना. घरच्या टाकीत खाणारं कोण? माझी जोडी पंपाच्या मागे झोपते. उलट अ‍ॅनिमोनला जोरदार लाइट लागतो, जुनी मुरलेली टाकी लागते, तो मेला की सगळं पाणी नासवतो. नवशिक्याने नकोच.

सहावा, "लिटरला दोन चमचे खडे मीठ, किंवा चौपाटीचं पाणी गाळून". समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही, नुसतं मीठ नाही. मरीन सॉल्टचं पाकीट आणा, आरओच्या पाण्यात कालवा, हायड्रोमीटरवर (पाण्याचा खारेपणा घनतेवरून मोजायचं साधन) १.०२५ च्या आसपास बघा. आणि टाकी मासे सोडायच्या आधी चार ते सहा आठवडे चालू पाहिजे, अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य येईपर्यंत. आत्या, नातू बिसलेरीच्या बाटल्या घेऊन चौपाटीवर गेला असेल तर त्याला परत बोलव, त्या पाण्यात काय काय मिसळतं ते तुला माझ्याहून चांगलं माहितीये.

सातवा ईशान्य दिशेचा. असो.

तर आत्या, उद्या दुकान उघडल्या उघडल्या त्या दोघींतली एक परत दे. पैसे अर्धे देईल, भांडू नको, घे. खरं तर तुझी टाकी आठवड्याचीच आहे तर दोन्ही परत दिलेल्या बऱ्या, पण नातू रडेल म्हणशील, मग निदान आज रात्री मधे जाळी तरी लाव, भाजीच्या बास्केटची कापून चालेल, फक्त खालून-वरून फट राहता कामा नये. आणि ईशान्येला ठेवलीच आहेस तर राहू दे तिथे, दुपारचं ऊन काचेवर येत नाही ना तेवढं बघ.